आधीचं टोक

आमच्या धाकट्या मावशीच्या पायाला भिंगरी होती. फोनवर बोलतानासुद्धा खोलीत येरझाऱ्या चालू. नोकरी मात्र बैठी, संग्रहालयात संगणकावरची.

एकदा उत्खननातली वीस-बावीस मडकी तिच्याकडे आली. कोणतं कधीचं, कुणालाच ठाऊक नव्हतं. कोणतं कोणाशी किती मिळतंजुळतं हे मोजायचं आणि सारखी सारख्याशेजारी येतील अशी रांग लावायची, म्हणजे काळाचा क्रम हाती लागतो. झटपट रांग लावणारे प्रोग्रॅम होते. पण ती रांग सगळ्यांत चांगली असेलच, असं नाही. मावशीनं स्वतःचा लिहिला. अर्धी रांग लागली की हिशेब करायचा. आतापर्यंत सापडलेल्या रांगेहून पुढे चांगलं काही निघूच शकत नसेल, तर ती वाट तिथेच सोडायची. उरलेल्या वाटा मात्र शेवटपर्यंत बघायच्या.

संगणक दिवसच्या दिवस चालत राहिला. मावशीचा जीव टांगणीला. जेवताना मध्येच उठे. काका म्हणाले, "अगं, तू उभी राहिल्यानं ते लवकर होणार आहे का?"

"बसल्यानं तरी कुठे होतंय?"

अखेर उत्तर आलं. याहून चांगली रांग नाही, हे पक्कं झालं. संग्रहालयाचे प्रमुख खूश. "मग यातलं सगळ्यांत जुनं कोणतं?"

मावशीनं रांग पुन्हा वाचून पाहिली. रांग उलटीकडून वाचली तरी तितकीच चांगली होती. आधीचं टोक कोणतं, हे गणित सांगतच नव्हतं.

साधी मडकी आधीची आणि नक्षीची नंतरची, असं तिला वाटलं. प्रदर्शन तोंडावर आलेलं, म्हणून तिनं तशा पाट्या लावून दिल्या. पण चैन पडेना. कामातून उठून ती सारखी त्या कपाटापुढे जाई. शेवटी प्रमुखांच्या मागे लागून तिनं दोन्ही टोकांच्या मडक्यांतला कोळसा किती जुना आहे हे तपासायला पाठवला.

निकाल उलटा आला. नक्षीची मडकी आधीची होती. पुढे लोकांनी नक्षी काढणंच सोडलं होतं.

"पाट्या बदलायला हव्यात," ती प्रमुखांना म्हणाली. "माझं चुकलं."

"रांग तर बरोबर आहे ना?"

"रांग बरोबर आहे. टोकं मी मनानं ठरवली होती."

त्या दुपारी पाट्या बदलायला मीही गेले होते. शेवटच्या साध्या मडक्यापाशी ती रेंगाळली.

"नक्षी का सोडली असेल गं यांनी?"

घरी पोचेपर्यंत ती तेच विचारत राहिली.