पोट आत घेऊन दिलेलं माप

टेलरकाकांनी आयुष्यभर लोकांच्या उणिवा झाकल्या. कुणाचा एक खांदा उतरता असला की आतून अस्तराची घडी, पाठीला पोक असला की मागे दोन बोटं कापड जास्त. गिऱ्हाईक आरशात बघून खूश, काका त्याहून खूश. हीच सवय आता नडणार होती, आणि तीही पोटच्या पोरीच्या बाबतीत.

ठमी आठ वर्षांची. वर्गात तिच्याशेजारी मदतनीस बसवायची की नाही, ते उद्या शाळेतल्या बैठकीत ठरणार होतं. वर्गाच्या बाईंनी कागद दिला होता: मुलीला एकटीला काय जमतं, कुठे हात द्यावा लागतो, लिहून आणा. काकांनी कात्री बाजूला ठेवून वळणदार अक्षरात लिहिलं. रंग ओळखते. शंभरपर्यंत मोजते. कुणाला त्रास देत नाही.

काजं करता करता काकूंनी वाचलं. "अहो, ही कोणाची मुलगी? आपली तर वाटत नाही."

"मग काय, तिची लक्तरं चव्हाट्यावर मांडू?" काका भडकले. काकूंनी पुन्हा सुई उचलली.

तेवढ्यात बेकरीवाला शर्टाचं माप द्यायला आला. कमरेला टेप लागताच गड्याने पोट आत ओढलं आणि श्वास रोखून उभा राहिला.

"सोडा हो पोट!" काका खेकसले. "आत्ता चोराल, आणि पहिल्या घासाला बटणं तुटली की बोंब माझ्या नावाने ठोकाल!"

बोलता बोलता त्यांची नजर वळली. मशीनवर तो कागद पडला होता. बेकरीवाला गेल्यावर काकांनी मापाची वही काढली. त्या वहीत त्यांनी आजवर एक बोटसुद्धा खोटं लिहिलं नव्हतं.

"सांग," ते काकूंना म्हणाले.

काकू सांगत गेल्या. घंटा वाजली की बाकाखाली शिरते. लघवीला लागली तरी सांगत नाही, ओलीच बसून राहते. बटणं लावता येत नाहीत.

"हेही लिहू? टेलरची पोर आणि..." काकांनी पेन खाली ठेवलं.

"लिहा."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी वहीचं पान सावकाश वाचलं. बटणांपाशी थांबल्या. "मग रोज कोण लावतं?"

"मीच. सकाळी दारात उभी करून."

"आणि दिवसभरात सुटली तर?"

काकांनी शेजारी बसलेल्या ठमीच्या गळ्याचं बटण चाचपलं. "म्हणून तर आलोय, बाई. शाळेत मी नसतो."