पुठ्ठ्यावरचा डाग

माणसाचा स्वभाव चेहऱ्यावरून ओळखणारे पुष्कळ भेटतात. माझ्या बायकोचे मामा तो त्याच्या गाडीच्या धुरावरून ओळखतात, आणि ओळखून गप्प बसत नाहीत. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत भट्टीसमोर त्यांनी उभी हयात घालवली. निवृत्त झाल्यावर ते आमच्या पुढच्या गल्लीत राहायला आले आणि भट्टीवरची ती नजर थेट माझ्या गाडीवर पडली. गाडी पंधरा वर्षांची, डिझेलवरची, टर्बोवाली. ती तेल गाळते आणि धूर सोडते एवढं माझ्याही लक्षात आलं होतं. पण मामांच्या लेखी ती गाडी नव्हती, पेशंट होता, आणि मी पेशंटचा बेजबाबदार नातेवाईक.

रोज सकाळी साडेसहाला बेल वाजायची. दारात मामा, काखेत फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा. कालचा पुठ्ठा गाडीखालून ओढायचा, नवा सरकवायचा, आणि कालचा आणून ठेवायचा आमच्या जेवणाच्या टेबलावर, पोह्यांच्या शेजारी. त्यावर चारी चाकं पेन्सिलीनं काढलेली असत, म्हणजे थेंब इंजिनाखाली पडला की गिअरबॉक्सखाली हे कळावं. एकदा मी पोह्यांवर लिंबू पिळत असताना त्यांनी डागाला बोट लावून वास घेतला आणि तेच बोट माझ्या नाकाशी धरलं. भाचीचा नवरा म्हणून ते मला अदबीनं 'पावणं' म्हणतात आणि त्याच अदबीनं इस्त्रीच्या कपड्यांत गाडीखाली झोपवतात. मामेसासऱ्यांना नाही म्हणायची सोय नसते.

धुराचं प्रकरण याहून वाईट. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त, पांढरा म्हणजे पाणी, हे मला आता झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. पन्हाळ्याचा घाट चढताना मामा मागच्या सीटवर गुडघे टेकून, तोंड मागं करून बसत आणि "दाबा", "सोडा" असे हुकूम देत. मागच्या गाडीतली माणसं त्यांना हसून हात करायची आणि मामा त्यांना हातानं बाजूला व्हायला सांगायचे, कारण त्यांच्यामुळं धूर नीट दिसत नसे. वारणानगरच्या एका लग्नात तर नवरदेवाची गाडी मांडवासमोर येताच हे पांढरा रुमाल घेऊन सायलेन्सरपाशी उकिडवे बसले. नवरदेवाच्या वडलांना वाटलं, मुलीकडचा कुणी मानकरी काही रीत करतोय. तेही बिचारे हात जोडून शेजारी उभे राहिले.

शेवटी मेकॅनिकनं निकाल दिला: टर्बो गेला, इंजिन उतरवावं लागेल. मी वैतागून गाडी भंगारात द्यायचं ठरवलं. खरं सांगायचं तर हलकंही वाटलं, कारण गाडीबरोबर पुठ्ठेही जाणार होते. मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी बोनेटवर हात ठेवला.

"आठ दिवस द्या, पावणं," मग ते म्हणाले. "आता समद्या गाड्यांना कॉम्प्युटर लावत्यात. माझ्या हाताला कळंल अशी ही एकच राहिलीया."

मामांनी आजवर माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मी आठ दिवस दिले.

त्यांनी इंजिन डिझेलनं धुऊन पुसून काढलं आणि बायकोच्या टाल्कम पावडरचा अख्खा डबा त्यावर उधळला. पांढऱ्यावर ओल कुठं फुटते ते दिसतं म्हणे. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही; मामांशी बोलत होती. सातव्या दिवशी त्यांनी चालू इंजिनाचं तेल भरायचं झाकण काढलं आणि आतून भसाभसा वाफ आली. टर्बो बिचारा चांगला हाय, म्हणाले, इंजिनाला श्वास सोडायला जागा न्हाय. ती वाफ बाहेर नेणारी नळी काळ्या चिखलानं बुजली होती. आत कोंडलेला दाब तेलाला सापडेल त्या फटीतून ढकलत होता, आणि तेच तेल जळून निळा धूर होत होता. नळी साफ केली, धूर थांबला, आणि मी भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरा. तिसऱ्या दिवशीही कोरा. मामा तो उलटसुलट करून पाहत, घडी घालत आणि चहा न घेता जात. पाचव्या दिवशी ते आलेच नाहीत. साडेसहाला मी आपणहून जागा झालो आणि बेलची वाट बघत पडून राहिलो. ज्या शांततेसाठी मी दोन वर्षं बायकोशी भांडलो होतो ती मिळाली, आणि मला मुळीच आवडली नाही. आठवडाभर कसाबसा काढला. मग एका सकाळी ऑइलच्या डब्यातले दोन थेंब गाडीखाली राहिलेल्या पुठ्ठ्यावर टाकले आणि मामांना फोन केला.

दहा मिनिटांत आले. डागाला बोट लावून उजेडात धरलं. डिझेल इंजिनातलं तेल चार दिवसांत काळंकुट्ट होतं, आणि हे मधाच्या रंगाचं होतं. दोन वर्षं शिकवूनही एवढं माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"पावणं, हे डब्यातलं तेल हाय," मामा म्हणाले.

मामांनी बोट रुमालाला पुसलं, खिशातली पेन्सिल काढली आणि त्या डागाभोवती रोजच्यासारखा नीट गोल केला.

"बोनेट उघडा," ते म्हणाले. "बघाय पायजे की."

मी बोनेट उघडलं. आतून बायकोनं विचारलं, चहा टाकू का. मामा म्हणाले, टाक.