बोटीवरचा दाखवायचा लॉबस्टर

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण एका झिंग्यापायी जेवढा मनस्ताप झाला, तेवढा कशानेच झाला नाही.

तेव्हा मी भंडाऱ्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. वैनगंगेवर एका ठेकेदारानं दुमजली बोट आणली होती. पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि नाव काय, तर क्रूझ. मेनूकार्डवर पहिलाच पदार्थ लॉबस्टर, म्हणजे समुद्रातला मोठा झिंगा. भंडाऱ्याहून समुद्र किती लांब आहे हे कुणालाही ठाऊक आहे. पण पाण्यावर जेवायला बसलं की माणूस अक्कल काठावर ठेवून जातो, असा माझा अनुभव आहे.

त्या बोटीवर एका दुपारी साखरपुडा झाला. मुलाकडची मंडळी पवनी तालुक्यातली, धानाची शेती करणारी, माळकरी. मुलाचे वडील तर गावच्या कीर्तनात पहिल्या ओळीत बसणारे. त्यांच्यासाठी मुलीच्या बापानं वेगळा शाकाहारी स्वयंपाक करवला आणि पनीर मुद्दाम अड्याळच्या एका बाईंच्या छोट्या डेअरीतून आणवलं. मुलीकडच्यांना नदीतल्या माशांचा रस्सा. संध्याकाळी रुग्णालयातून ठाण्याला मेमो आला. मुलाचे वडील, काका, मामा आणि जावई, चौघंही उलट्या-जुलाबांनी आडवे. वडिलांची प्रकृती गंभीर.

जबाब नोंदवायला मी स्वतः गेलो. चौघांचा जबाब एकच, पाठ केल्यासारखा.

"पनीर खाल्लं जी साहेब. दुसरं काईच नाई."

मासे खाणारे ठणठणीत आणि पनीर खाणारे सलाईनवर. मग काय, सगळ्यांनी निकाल लावूनच टाकला. दुसऱ्या दिवशी नातेवाईक ठाण्यात येऊन बसले. "डेअरीवालीले अटक कवा करता?" एवढा एकच प्रश्न. अन्न खात्याच्या निरीक्षकांनी डेअरीतले नमुने घेतले आणि दाराला सील ठोकलं. अड्याळमध्ये ही बातमी पोचायला काय वेळ लागतो? दुपारपर्यंत त्या बाई विषारी पनीर विकतात असं ठरूनही गेलं.

बाई चौकशीला आल्या. रडल्या नाहीत, चिडल्या होत्या.

"साहेब, माह्या घरची लेकरं तेच दूध पेतात. डेअरी गेली तं म्हशी काय अंगणात शोभेले बांधू?"

मी त्यांना बसायला सांगितलं, चहा मागवला. त्यांनी चहाला हात लावला नाही. अहवाल येईपर्यंत थांबावं लागेल, असं मी म्हणालो. थांबा हा शब्द सरकारी माणसाला फार सोपा असतो. म्हशी थांबत नाहीत. दूध रोज निघत होतं आणि गिऱ्हाईक नसल्यानं नालीत जात होतं. अहवालात पनीरात थोडं जरी काही निघालं असतं, तर त्या बाईंना आत टाकण्यावाचून माझ्यापुढे मार्ग नव्हता.

खबर मिळाली ती भलत्याच माणसाकडून. आजाऱ्यांना घाटावरून दवाखान्यात नेणारा ऑटोवाला तक्रार घेऊन ठाण्यात आला. तक्रार कसली, तर सीटच्या वासाची.

"साहेब, धुऊन धुऊन हात दुखले, वास जाऊन नाई राहिला. पनीर खाणारा माणूस असा वासते काय? झिंग्याचा वास हाये हा! अन् त्यायच्यातला एक जण कण्हत कण्हत बोलून राहिला होता, 'त्या झिंग्यानंच मारलं रे बाप्पा.'"

हवालदार हसत होता. मला हसू आलं नाही. मुलाकडच्या बायका काय जेवल्या होत्या? त्यांना अजून कोणी विचारलंच नव्हतं. पुरुषांची पंगत आधी, बायकांची नंतर. तसे जबाबही पुरुषांचेच झाले होते. मी मुलाच्या आईला बोलावलं.

"आमी सगळ्या बायांनी पनीर खाल्लं," त्या म्हणाल्या. "एकाच गंजातलं, त्याच भांड्यातलं. कोनाले काई झालं नाई."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"कोनं इचारलं?"

मग साखरपुड्याचे फोटो मागवले. बोटीच्या दारात बर्फाचं ताट, त्यावर भला मोठा लॉबस्टर, आणि त्याच्याशेजारी हसत उभी असलेली दोन्हीकडची माणसं. परत निघतानाच्या फोटोत नुसता बर्फ.

बोटीच्या आचाऱ्याला समोर घेतलं. नागपूरकडचा होता. आधी इकडचं तिकडचं बोलला. मी फोटो टेबलावर ठेवल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, तो खायचा नव्हताच. तो दाखवायचा होता."

"म्हणजे?"

"मुंबईहून मागवला होता जी, बोट सुरू झाली तेव्हा. फेरी निघाली की बर्फावर मांडायचा, थोडं तेल लावून चमकवायचा, फेरी झाली की परत फ्रीजरमध्ये. लोक फोटो काढतात. कोणी मागितला तर सांगायचं, आजचा संपला."

"आणि वीज गेली की?"

वीज गेली की लॉबस्टर वितळायचा, आली की पुन्हा गोठायचा. आमच्याकडे वीज किती वेळा जाते, हे मला त्याच्याकडून ऐकायची गरज नव्हती.

चौघं चुपचाप मागच्या दारानं स्वयंपाकघरात आले होते. हाच शिजव आणि बायकांना कळू देऊ नको, म्हणून अडून बसले. "शिळा आहे म्हणून सांगायला काय झालं होतं?" मी टेबलावर हात आपटला.

"मालक म्हणतो, माल ताजाच सांगायचा. शिळा म्हटलं तर बोटीचं नाव जाते. मी लसूण-तिखट डबल टाकलं, साहेब."

त्याला वाटलं, डबल तिखटानं पाप कमी होतं. मालकावर आणि त्याच्यावर गुन्हा दाखल केला.

मग रुग्णालयात गेलो. मुलाचे वडील आता उशीला टेकून बसले होते, पत्नी जवळ उभ्या. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"समुद्रातला झिंगा जनमात पाह्यला नोयता साहेब. पण माळ उतरवून खिशात ठेवली, मंग खाल्लं. गळ्यात माळ असताना नाई खाल्लं."

जणू मी त्याची पावती देणार होतो! पुढे ते म्हणाले, "एक उपकार करा. जबाबात पनीरच राहू द्या. सोयरे काय म्हणतील?"

"आणि त्या बाईंची डेअरी?"

"थे होईन बराबर हळूहळू."

मी वॉर्डात ओरडलो. परिचारिका धावत आली, तरी मी ओरडतच होतो. इतक्या वर्षांत आरोपींनी मला जितकं चिडवलं नाही, तितकं त्या फिर्यादीनं एका वाक्यात चिडवलं. जबाब खरा लिहिला, त्यांची सही घेतली आणि निघालो. त्यांच्या पत्नी सगळं ऐकत होत्या.

अहवाल आला. पनीर निर्दोष. सील निघालं, बाईंनी डेअरी उघडली, पण गिऱ्हाईक फिरकेना. आमचा निर्दोषपणाचा कागद बाईंनी दारावर चिकटवला. लोक वाचायचे आणि पुढे जायचे. मी काय करणार होतो? लोकांच्या घरात जाऊन पनीर खाऊ घालायचा अधिकार पोलिसांना नाही.

मग एका सकाळी, ऐन बाजाराच्या गर्दीत, मुलाच्या आई एसटीतून अड्याळला उतरल्या. माझा हवालदार तिथे होता, त्यानंच मला सांगितलं. डेअरीसमोर उभ्या राहून त्यांनी पनीर मागितलं, तुकडा तोडून तोंडात टाकला आणि जमलेल्या लोकांकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "माह्या घरच्यानं माळ काढून चोरून झिंगा खाल्ला अन् नाव इच्या पनीराचं घेतलं. म्या त्या दिवशी हेच खाल्लं होतं. पाहा, जित्ती उभी हाओ."

खोटं शोधायचं तर तक्रारदारापासून सुरुवात करावी, हे मी या प्रकरणात शिकलो आणि पुढे नव्या फौजदारांना सांगत राहिलो. पण मला जास्त आठवते ती मुलाची आई. ज्या बदनामीच्या भीतीनं तिचा नवरा दुसऱ्या बाईचं घर बुडवायला निघाला होता, ती बदनामी तिनं स्वतः भर बाजारात नेऊन ठेवली. त्या दिवशी डेअरीतलं पनीर दुपारच्या आत संपलं.