पाच पायांचा हत्ती कोणी काढला

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. यंदा, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाअकराला, जळगावच्या एका संग्रहालयात. प्रदर्शन होतं दुर्लक्षित चित्रकर्त्यांचं. दुर्लक्ष कसं करतात त्याचं प्रात्यक्षिकही आत ठेवलंय, हे तिकीट काढताना कुणी सांगितलं नाही.

आत्या सणाला रावेरहून देवपूरला माहेरी आली होती. तिला परत सोडायला निघाले आणि वाटेत हौसेने इथे थांबले. बायकांच्या हक्कांची पत्रकं लिहिते मी, असलं प्रदर्शन कसं सोडणार?

आत एका लग्नघराच्या भिंतीचा भलामोठा जुना फोटो. कलश, केळीचे खांब, दोन हत्ती. दारावर वधूवरांची नावं. वर म्हणजे माझा बाप.

"हाऊ हत्ती मना शे," आत्या अहिराणीत म्हणाली. म्हणजे तिने काढलेला.

आमच्या घरी लग्नाची भिंत घरची बाई रंगवते. नावं टाकायला तेवढा पेंटर बोलावतात. तो तासाभरात अक्षरं काढतो, चहा पितो आणि कोपऱ्यात सही ठोकतो. म्हणून फोटोखालच्या पाटीवर त्याचं नाव, गाव, सगळं होतं. पुढे: 'चित्रे: अज्ञात स्त्री. उजव्या हत्तीचा पाचवा पाय गतीचे प्रतीक.'

"गतीबिती काही नई," आत्या म्हणाली. "एक पाय वाकडा पडना, पुसायना नई. मंग मी बाजूले दुसरा काढा."

मी संग्रहालयाच्या साहेबांना बोलावून आणलं. साहेब फार गोड.

"वा, वा. अर्ज द्या ना. पण नाव कोणतं लिहायचं, ताई? माहेरचं की सासरचं? पुरावा दोन्हींचा लागेल."

"दोन्ही लिखा," आत्या म्हणाली.

"आजी, पाटीवर तेवढी जागा नाही हो."

"पायनं कौतुक लिखाले जागा शे. माले नई?"

साहेब हसले आणि चहाचं विचारलं. पेंटरकडे कुणी पुरावा मागितला नव्हता.

बाहेर आल्यावर मी आत्यालाच झापलं. तू तेव्हा सही का नाही केलीस?

"भाऊनं लगीन व्हतं. घरनी बाई नाव लिखस का?"

त्या लग्नाच्या पत्रिकेत माझ्या, तेव्हा दोन वर्षांच्या, चुलतभावाचंही नाव आहे, आत्याचं नाही. आणि मी? अक्षरं त्याच भिंतीवर गिरवली. पेंटरचं नाव मला शाळेच्या आधी वाचता येत होतं. हत्ती कोणी काढले, हे विचारायला मला तिकीट काढावं लागलं.

अर्ज दिलाय. पाटी अजून तीच आहे.

आता तुम्ही. तुमच्या घराची, गल्लीतली रंगवलेली भिंत गाठा. पेंटरची सही वाचा, मग चित्र कोणी काढलं ते विचारा आणि त्या बाईच्या हातात ब्रश द्या. तिचं नाव तिथे, पेंटरच्या नावाएवढंच मोठं, तिच्याकडून लिहून घ्या. पुढचा चुना लागायच्या आत.