चीनहून आलेला स्वेटर

अकोल्यात आमच्या शेजारच्या काकू माझ्या फोनवर चिनी दुकानातली चित्रं बोटाला थुंकी लावून सरकवतात. रोज सकाळी दारात तोच प्रश्न, "काय म्हणते आपला चीनवाला?"

यंदा कापसाने दगा दिला, म्हणून दिवाळीत त्यांनी काकांसाठी तिकडचा स्वस्तातला स्वेटर मला मागवायला लावला. काकांनी अख्खी थंडी शेतात घोंगडीवर काढली आणि पार्सल उगवलं भर मे महिन्यात! मी भडकलो. म्हटलं, आता तक्रारच करतो. तोवर काकूंनी घामाने निथळणाऱ्या काकांना स्वेटर चढवला, बाह्या ओढून पाहिल्या आणि उलट मलाच झापलं, "कावून तणतण करून राहिला? त्याले आधी पोचला म्हणून कळव. इतक्या दुरून धाडला, बिचारा वाट पाहून राहिला असन."