फॉर्म आजोबांचा

वसईच्या त्या वृद्धाश्रमातल्या क्लार्कबाई कधी घाईत नसायच्या. मी बाबांसाठी चौकशीला तीनदा गेलो. तिन्ही वेळा त्यांनी फॉर्म दिला नाही. पदराने चष्मा पुसत सावकाश म्हणायच्या, "आजोबांना घेऊन या. राहनार ते हायेत, तुमी नाय."

शेवटी बाबांना नेलं. बाईंनी आपली खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि मला बाहेर बाकावर बसवलं. आपण बापाला घराबाहेर काढतोय, या विचाराने मी खचलो होतो. तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला, "इथं दिवसा दार उघडं असतं का?"

"उघडंच असतं, आजोबा. अंगनात कुनी ना कुनी बसलेलं असतं."

बाबा जिन्यावरून पडतील या भीतीने मी आणि बायको कामावर जाताना त्यांना आत ठेवून मनवेलपाड्याच्या आमच्या फ्लॅटला बाहेरून कुलूप लावायचो. त्यावर ते कधी एक शब्द बोलले नव्हते.

बाईंनी मला आत बोलावलं. फॉर्मवर बाबांची सही आधीच झाली होती. "आता तुमी करा," त्या म्हणाल्या.

परतताना रिक्षात मला कित्येक महिन्यांनी हलकं वाटत होतं. बाबांनी विचारलं, "पत्त्यांचा कॅट नेला तर चालेल ना रे त्या बाईंना?"