गळ्यापर्यंत भरलेली टाकी

लातूरच्या नळांना महिनोन्‌महिने पाणी नव्हतं, त्या वर्षीची गोष्ट. माझ्या एसयूव्हीतला इंजिनाचा पिवळा दिवा विझत नव्हता आणि गाडीत पेट्रोलचा वास येई. अहमदपूर रस्त्यावर एक मेकॅनिक होता. त्याचं नाव मी विचारलंच नाही. हात धुणं त्यानं सोडून दिलं होतं. लाकडाच्या भुशात चोळायचा.

डोळे मिटून त्यानं टाकीचं झाकण हुंगलं, मग गाडीखाली शिरला आणि एक काळी डबी काढून आणली. टाकीतली वाफ हवेत उडू नये म्हणून ती धरून ठेवणारा कोळसा त्या डबीत असतो. त्यानं ती तिरपी केली, तर आतून पेट्रोल ठिबकायला लागलं.

“सर, टाकी गळ्यापर्यंत भरता का?”

“हो. टाकी भरून पंपाची नळी आपोआप बंद झाली तरी अजून घाल म्हणतो.”

“या साली समदेच तसं भरायलेत. घरी टँकर आला की वाट्यासुद्धा भरून ठेवतो की न्हाई? तीच सवय. टाकीत वाफेला जागा लागती, सर. न्हाई तर पेट्रोल डबीत शिरतंय अन् कोळसा वाया जातोय.”

“म्हणजे तुम्ही तसं भरत नसाल.”

नवी डबी बसवता बसवता तो थांबला.

“भरतो की. समदं कळतंय, पर रिकामं काही बघवत न्हाई आता.”

त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आता नळाला पाणी येतं. परवा पेट्रोल पंपावर नळी आपोआप बंद झाली. तिथल्या बाईनं विचारलं, “बास ना?”

मला तो मेकॅनिक आठवला.

“अजून थोडं घाला,” मी म्हणालो.